वनौषधि आणि शस्त्रक्रिया

झाडपाल्याचें औषध निरुपद्रवी असतें, ही समजूत जगांतील बहुतेक समाजांत दृढ झालेली आहे. गुण आला तर उत्तम, न आला तर अपाय तरी खास नाहीं, असें म्हणून घरोघरीं काढे, चूर्णें व अर्क घेतले जातात आणि अलीकडे त्यांत रंगीत बाटल्यांतून मिळणाऱ्या गोळ्यांचीही भर पडली आहे. परंतु ह्या समजुतीच्या पोटांत एक विसंगति दडलेली आहे. ज्या वनस्पतींत रोग हटविण्याचें सामर्थ्य आहे, तिच्यांत शरीराचा व्यवहार बदलण्याचें सामर्थ्य असलेंच पाहिजे. आणि जी शरीरांत कांहींच घडवीत नाहीं, तिच्यापासून गुणही यावयाचा नाहीं. माणूस घरांत हिंडत फिरत असतां हा बदल बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पण त्याच माणसास भूल देऊन टेबलावर निजविलें आणि त्याच्या शरीरावर शस्त्र चालूं लागलें, म्हणजे तोंपर्यंत लपून राहिलेला तो बदल एकाएकीं प्रकट होतो. ही साधी दिसणारी गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पुरतेपणीं ध्यानांत येण्यास विसाव्या शतकाचा बहुतेक काळ लागला. तिच्या इतिहासाचा आरंभ रुग्णालयांत नव्हे, तर उत्तर अमेरिकेंतील गुरांच्या गोठ्यांत झाला. आणि त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण खुद्द मुंबईंत घडलें.

इ. स. १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तरेकडील संस्थानांत शेतकऱ्यांवर एक विलक्षण संकट कोसळलें. तिकडे गुरांचीं शिंगें कापण्याचा आणि खोंडांस खच्ची करण्याचा प्रघात आहे. हें काम किरकोळ समजलें जातें. जखम थोड्याच वेळांत सुकते व जनावर पुन्हा चरूं लागतें. पण त्या वर्षांत अशा जखमांतून वाहूं लागलेलें रक्त थांबेना. एका ठिकाणीं शिंगें कापलेल्या २२ गाईंपैकीं २१ गाई मेल्या, आणि खच्ची केलेल्या २५ खोंडांपैकीं १२ खोंड रक्तस्रावानें गतप्राण झाले. कोणत्याही साथीच्या रोगाचें चिन्ह ह्या गुरांत नव्हतें. आदल्या दिवसापर्यंत तीं धडधाकट दिसत होतीं.

ऑन्टारिओ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांतील फ्रँक स्कोफील्ड ह्यांनीं ह्या कोड्याचा माग काढला. त्यांचें लक्ष गुरांच्या चाऱ्याकडे गेलें. हा चारा म्हणजे ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाचें, मेथीच्या नात्यांतील एक सुवासिक गवत होतें. ओलसर हवेंत सांठविल्यामुळें त्याला बुरशी आली होती. स्कोफील्ड ह्यांनीं एकाच गंजींतील चांगल्या काड्या व बुरसलेल्या काड्या वेगळ्या करून त्या निरनिराळ्या सशांस खाऊं घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा सुखरूप राहिला. बुरसलेल्या काड्या खाणाऱ्या सशास रक्तस्राव झाला. पुढें इ. स. १९३३ च्या फेब्रुवारींत, भर हिमवादळांत, विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या भांड्यांत भरलेलें न साकळणारें रक्त आणि बुरसलेल्या गवताचा भारा घेऊन तेथील विद्यापीठांत कार्ल पॉल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेशीं आला. लिंक व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्या गवतांतील दोषी द्रव्य शोधून काढण्यास सहा वर्षांहून अधिक काळ वेंचला. त्या द्रव्यास ‘डायकूमारॉल’ असें नांव मिळालें. ताज्या गवतास सुवास देणाऱ्या कूमारिन ह्या पदार्थापासून बुरशीच्या संसर्गानें तें बनतें आणि रक्त साकळविणारीं द्रव्यें शरीरांत तयार होऊं देत नाहीं. त्याच्याच कुळांतील ‘वॉरफरिन’ हें इ. स. १९४८ मध्यें उंदीर मारण्याचें औषध म्हणून बाजारांत आलें, आणि इ. स. १९५४ पासून तेंच माणसांच्या हृदयविकारांत व रक्ताच्या गुठळ्यांच्या विकारांत रीतसर औषध म्हणून वापरलें जाऊं लागलें.

गोठ्यांतील ह्या प्रकरणांत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे. चाऱ्यांतील द्रव्यानें गुरांच्या रक्तांत कांहीं दिवस आधींच फरक पडला होता. पण जखम होईपर्यंत तो बहुधा कोणास कळला नाहीं. शिवाय तें द्रव्य गवतांत मुळांत नव्हतें. सांठवणुकींत तें उत्पन्न झालें. अर्थात् एकाच नांवाची वनस्पति दर वेळीं एकसारखीच असते, हें गृहीत धरण्यांतही चूक आहे.

हें संशोधन अमेरिकेंत चाललें असतां हिंदुस्थानांत दुसऱ्या एका वनस्पतीची परीक्षा सुरू झाली होती. ती म्हणजे सर्पगंधा. बिहारांत ह्या झुडपाचें मूळ ‘पागल की दवा’ म्हणून प्रसिद्ध होतें. वनस्पतिशास्त्रांत मात्र ह्या कुळास इ. स. १७०३ मध्यें, सोळाव्या शतकांत पूर्वेकडे प्रवास करून गेलेल्या लेओन्हार्ट राउवोल्फ ह्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ ‘राउवोल्फिया’ हें नांव देण्यांत आलें. इ. स. १९३१ हें वर्ष तिच्या इतिहासांत महत्त्वाचें ठरलें. त्या वर्षीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं, वेडावर व वाढलेल्या रक्तदाबावर गुणकारी असें हिंदी औषध म्हणून सर्पगंधेची माहिती प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनीं रफत हुसेन सिद्दिकी ह्यांच्या साहाय्यानें मुळांतून शुद्ध स्फटिक द्रव्यें वेगळीं केलीं, आणि त्यांपैकीं एकास हकीम अजमलखान ह्यांच्या नांवावरून ‘अजमलिन’ असें नांव दिलें. नंतर कलकत्त्यास रामनाथ चोप्रा ह्यांनीं तिच्या गुणधर्मांचा पद्धतशीर अभ्यास केला.

तथापि जगाचें लक्ष सर्पगंधेकडे वेधलें तें मुंबईच्या एका वैद्यानें. डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनीं वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांस ती देऊन, त्यांचा रक्तदाब वेळोवेळीं मोजून, त्या नोंदींचा निबंध इ. स. १९४९ मध्यें ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यांत पन्नास रुग्णांची हकीकत होती. शतकानुशतकें चालत आलेल्या औषधाचें सामर्थ्य ह्या निबंधांत आंकड्यांत दिसलें आणि युरोप-अमेरिकेंतील वैद्यांना तें मान्य करणें भाग पडलें. इ. स. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडमधील बासल येथें सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं सर्पगंधेंतील मुख्य द्रव्य ‘रेसर्पिन’ शुद्ध स्वरूपांत मिळविलें. थोड्याच वर्षांत तें देशोदेशींच्या रुग्णांच्या नित्य औषधांत जाऊन बसलें. इ. स. १९५७ मध्यें डॉ. वकील ह्यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक देऊन त्यांच्या कामाचा गौरव करण्यांत आला.

ह्या यशाच्या ऐन भरांत शस्त्रक्रियेच्या टेबलावरून तक्रारी ऐकूं येऊं लागल्या. सर्पगंधा घेणाऱ्या रुग्णास भूल दिली, म्हणजे कधीं कधीं त्याचा रक्तदाब एकदम घसरे व नाडी मंद होई. वॉशिंग्टन येथील कोकली व त्यांचे सहकारी ह्यांनीं इ. स. १९५६ मध्यें अशा रुग्णांचा वृत्तान्त अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत छापला आणि तातडीची नसलेली शस्त्रक्रिया असेल, तर तिच्यापूर्वीं दोन आठवडे हें औषध बंद करावें, असा सल्ला दिला. तो सल्ला पुष्कळ रुग्णालयांतून नियमासारखा पाळला जाऊं लागला.

असें कां घडे, हें समजून घेण्यासारखें आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत मज्जातंतूंचीं असंख्य टोकें असतात. ह्या टोकांत ‘नॉरअ‍ॅड्रेनॅलिन’ नांवाचें द्रव्य सूक्ष्म कोठारांत सांठविलेलें असतें. प्रसंग पडला, रक्त वाहूं लागलें किंवा भुलेमुळें रक्तवाहिन्या सैल पडल्या, म्हणजे हें द्रव्य बाहेर पडून त्यांना पुन्हा आवळतें आणि रक्तदाब सांवरतें. रेसर्पिन हीं कोठारें भरूंच देत नाहीं; तीं हळूहळू रितीं होत जातात. रक्तदाब उतरतो तो ह्यामुळेंच, आणि औषधाचा गुण तो हाच. पण ज्या सांठ्याच्या बळावर शरीर संकटास तोंड देतें, तो सांठा शस्त्रक्रियेच्या वेळीं अपुरा पडतो. शिवाय औषध बंद केलें तरी रितीं झालेलीं कोठारें एका दिवसांत भरत नाहींत. त्यांस दिवसच नव्हे, तर कधीं आठवडेही लागतात.

आणखी एक अडचण होती. रक्तदाब घसरला असतां भूल देणारे डॉक्टर ज्या औषधाकडे सहज हात नेत, तें ‘एफेड्रिन’ हेंही एका वनस्पतींतूनच आलेलें होतें. माहुआंग ह्या चिनी वनौषधींतून तें नागाई ह्या जपानी शास्त्रज्ञानें इ. स. १८८५ मध्यें वेगळें केलें होतें, आणि इ. स. १९२४ मध्यें पेकिंगमध्यें चेन व श्मिट ह्यांनीं त्याचे गुण प्रसिद्ध केल्यावर तें जगभर पसरलें. परंतु एफेड्रिन मुख्यतः त्याच कोठारांतील द्रव्य बाहेर लोटून आपलें काम करतें. कोठारें रितीं असल्यावर तें लोटणार काय? इ. स. १९५८ मध्यें बर्न व रँड ह्यांनीं रेसर्पिन दिलेल्या जनावरांवर प्रयोग करून दाखविलें, कीं अशा स्थितींत एफेड्रिनसारख्या द्रव्यांचा प्रभाव जवळ जवळ नाहींसा होतो; उलट प्रत्यक्ष नॉरअ‍ॅड्रेनॅलिन टोंचलें असतां तें पूर्ण काम करतें. एका वनस्पतीनें दुसऱ्या वनस्पतीचें औषध निकामी केलें, असा हा प्रकार होता. पण रुग्ण सर्पगंधा घेत आहे एवढें डॉक्टरास ठाऊक असलें, तर कोणतें इंजेक्शन हातीं घ्यावयाचें हेंही त्याला कळत होतें.

ह्या ज्ञानानें पुढें नियमच बदलला. इ. स. १९६२ मध्यें मन्सन व जेनिसेक ह्यांनीं आणि इ. स. १९६४ मध्यें कॅट्झ, वाइनट्रॉब व पॅपर ह्यांनीं अशा रुग्णांची तुलना करून दाखविलें, कीं औषध चालूं ठेवूनही सावधपणें भूल देतां येते आणि दोन आठवडे तें तोडण्याची गरज नाहीं. इ. स. १९७१ मध्यें ऑक्सफर्ड येथील प्रिस-रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तर असें निदर्शनास आणिलें, कीं ज्यांचा वाढलेला रक्तदाब औषधानें आटोक्यांत आलेला नाहीं, त्यांच्याच रक्तदाबांत भुलेच्या वेळीं अधिक धोक्याचे चढउतार होतात. म्हणजे औषध चालूं ठेवण्यांत धोका आहे, तसा तें अविचारानें तोडण्यांतही आहे. सर्पगंधेच्या ह्या पंधरा वर्षांच्या वादाचें सार इतकेंच, कीं रुग्णाच्या शरीरांत काय गेलें आहे हें भूल देणाऱ्यास ठाऊक असलें, तर बहुतेक प्रसंगांतून मार्ग निघतो; ठाऊक नसेल, तर त्याचें कौशल्य अंधारांत चाचपडतें.

सर्पगंधेच्या बाबतींत हें ठाऊक असणें सोपें होतें. तें औषध डॉक्टरानेंच लिहून दिलेलें असे आणि रुग्णाच्या कागदावर त्याची नोंद असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र वनौषधींचा एक निराळाच प्रवाह सुरू झाला. अमेरिकेंत इ. स. १९९४ मध्यें एक कायदा होऊन वनस्पतींचे अर्क व चूर्णें ‘पूरक आहार’ ह्या सदरांत घातलीं गेलीं. औषध विकण्यापूर्वीं त्याची निर्धोकता व उपयुक्तता सरकारपुढें सिद्ध करावी लागते; ह्या मालास ती अट राहिली नाहीं. दुकानांतून तो वाण्याच्या मालासारखा मिळूं लागला. घेणाराही त्याला औषध समजेनासा झाला, आणि म्हणून डॉक्टरानें औषधांविषयीं विचारलें असतां त्याचें नांव त्याच्या तोंडीं येईनासें झालें. आयझेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. १९९० मध्यें अमेरिकेंत केलेल्या पाहणींत, रूढ वैद्यकाबाहेरचे उपाय करणाऱ्यांपैकीं शेंकडा ७२ लोकांनीं ती गोष्ट आपल्या डॉक्टरास सांगितलेली नव्हती, असें आढळलें होतें.

ह्या मौनाचे परिणाम एकेक करून नजरेस येऊं लागले. इ. स. १९९० मध्यें शस्त्रवैद्यांच्या एका नियतकालिकांत एका वृद्धाची हकीकत आली. त्याच्या पाठीच्या कण्यांत आपोआप रक्तस्राव होऊन पायांतील शक्ति गेली होती, आणि तो रोज सरासरी चार पाकळ्या लसूण खात असे. लसणींत रक्तांतील बिंबिकांस, म्हणजे जखमेच्या तोंडाशीं प्रथम जमणाऱ्या सूक्ष्म कणांस, एकमेकांस चिकटूं न देणारीं द्रव्यें आहेत, हें प्रयोगशाळेंत आधींच दिसून आलें होतें. एका उदाहरणावरून फोडणींतील लसणीस भिण्याचें कारण नाहीं. पण लसणीचा अर्क गोळ्यांच्या रूपानें रोज घेणाऱ्याची शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर शस्त्रवैद्यास तें ठाऊक असावें, एवढें मात्र खास.

इ. स. २००० मध्यें झुरिच येथून आलेली हकीकत अधिक गंभीर होती. हृदय बदललेल्या दोन रुग्णांनीं उदासपणावर ‘सेंट जॉन्स वर्ट’ ह्या युरोपांत प्रसिद्ध असलेल्या वनस्पतीचा अर्क घेण्यास सुरुवात केली. दुसऱ्याचें हृदय शरीरानें झिडकारूं नये म्हणून अशा रुग्णांस ‘सायक्लोस्पोरिन’ हें औषध जन्मभर घ्यावें लागतें. ह्या अर्कानें शरीराची औषधें मोडून टाकण्याची क्रिया वाढविली, सायक्लोस्पोरिनचें रक्तांतील प्रमाण खालावलें आणि दोघांच्याही शरीरांनीं नवें हृदय झिडकारण्यास आरंभ केला. अर्क बंद केल्यावर तें प्रमाण पुन्हा पूर्ववत् झालें. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. तिच्यावर पाणी पडण्याची वेळ आली ती एका निरुपद्रवी समजल्या गेलेल्या बाटलीमुळें.

माहुआंगची गोष्ट तर सर्पगंधेच्या इतिहासाची पुनरावृत्तीच होय. वजन उतरविण्यासाठीं व अंगांत हुशारी आणण्यासाठीं म्हणून तिच्या गोळ्या अमेरिकेंत अतोनात खपल्या. तिच्यांतील एफेड्रिन प्रथम रक्तदाब व नाडी वाढवितें. पण तें दीर्घकाळ पोटांत जात राहिलें, म्हणजे मज्जातंतूंच्या टोकांचीं तींच कोठारें हळूहळू रितीं होतात, आणि भुलेच्या वेळीं रक्तदाब सांवरणें कठीण पडतें. झटके व हृदयविकार ह्यांच्या अनेक तक्रारी आल्यानंतर इ. स. २००४ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें ह्या पूरक गोळ्यांच्या विक्रीवर बंदी घातली.

इ. स. २००१ मध्यें शिकागो विद्यापीठांतील आंग-ली, मॉस व युआन ह्या तिघां वैद्यांनीं हा सारा विखुरलेला अनुभव एकत्र करून आठ वनौषधींची यादी अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. लसूण व जिनसेंग शस्त्रक्रियेपूर्वीं निदान सात दिवस, सेंट जॉन्स वर्ट निदान पांच दिवस, गिंको निदान छत्तीस तास, तर माहुआंग व कावा निदान चोवीस तास बंद असावीं, असें त्यांनीं सुचविलें. एकिनेसिया व व्हॅलेरियन ह्या उरलेल्या दोहोंविषयीं निश्चित मुदत सांगण्याजोगा पुरावा त्यांस मिळाला नाहीं. त्यांपैकीं झोपेसाठीं घेतल्या जाणाऱ्या व्हॅलेरियनच्या बाबतींत तर त्यांनीं उलटच सावधगिरी सांगितली. दीर्घकाळ घेतलेली ती एकाएकीं तोडल्यास शरीर बिथरण्याचा संभव असतो. म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीं हळूहळू कमी करावी. सर्पगंधेच्या वादानें शिकविलेला धडा येथें पुन्हा दिसतो. पूर्वसूचना असेल तर वनौषधि केव्हां थांबवावयाची, किती दिवस थांबवावयाची, कीं थांबवावयाचीच नाहीं, हें ठरवितां येतें. अपघातानंतर तातडीनें शस्त्रक्रिया करावी लागली, तर थांबविण्यास वेळ उरत नाहीं. परंतु अशा वेळीं नुसतें समजलें तरी रक्ताची तरतूद करणें, योग्य इंजेक्शन निवडणें आणि भूल बेतानें देणें डॉक्टरास शक्य होतें.

महाराष्ट्रांतील घरांत ह्या इतिहासाचा उपयोग कोणता, हें उघड आहे. येथें वनौषधि दुकानांतून येण्यापूर्वीं परसांतून व फडताळांतून येत असे, आणि अद्यापिही येते. सकाळचा काढा, रात्रीं दुधांतून घेतलेलें चूर्ण, जेवणानंतरचें आसव, नातलगानें पाठविलेली शक्तिवर्धक गोळी, ह्यांची गणना औषधांत करण्याची घरांतील माणसांस संवय नसते. रुग्णालयांत ‘कोणतें औषध चालूं आहे काय?’ असा प्रश्न आला, म्हणजे ‘कांहीं नाहीं’ असें उत्तर देणारा खोटें बोलत नसतो. प्रश्नच त्याच्या कानांवर निराळ्या अर्थानें पडलेला असतो. कांहीं वेळां मौनाचें कारण संकोच हें असतें. डॉक्टर हंसेल किंवा रागावेल, ह्या भीतीनें रुग्ण गप्प राहतो. येथें दोष एकट्या रुग्णाचा नव्हे. विचारणाऱ्यानें औषध हा एकच शब्द न वापरतां काढा, चूर्ण, आसव, अर्क, गोळी असें नांव घेऊन विचारलें पाहिजे, आणि उत्तर ऐकल्यावर तुच्छतेचा स्वर लावतां कामा नये. सांगणाऱ्यानेंही, शक्य असेल तर शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीं, बाटली किंवा पुडी बरोबर नेऊन दाखवावी, आणि आपल्या मनानें ती तोडूं अगर चालूं ठेवूं नये.

डॉ. वकील ह्यांनीं सर्पगंधेचा मान वाढविला, तो ती निरुपद्रवी आहे असें सांगून नव्हे. किती मात्रा दिली, रक्तदाब किती उतरला, त्रास कोणता झाला, ह्याची नोंद ठेवून त्यांनीं तिचें सामर्थ्य मापलें. वनस्पतीचा खरा आदर करणारानें तिच्या सामर्थ्याची अशी दखल घेतली पाहिजे. जिच्यांत गुण आहे असें मानून माणूस ती रोज नेमानें घेतो, तिचें नांव शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीं कागदावर आलें नाहीं, तर त्यानें तिला औषध मानलें असें तरी कसें म्हणावें?